किन्शासा-लुबुंबाशीला कामासाठी जाताना: कागद, पैसा आणि माल कोणत्या क्रमाने

काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात कामासाठी निघणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने अडकतात. आधी स्वस्त तिकीट काढतात, मग व्हिसाच्या मागे लागतात आणि निघायला आठवडा उरला की पिवळ्या तापाची लस आठवते. मालाच्या बाबतीतही तेच. कंटेनर न्हावा शेव्याहून सुटतो, जहाज समुद्रात जातं आणि मग तिकडून विचारणा येते, "फेरीचा नंबर कुठाय?" (फेरी म्हणजे मालाचं इलेक्ट्रॉनिक माहितीपत्र, त्याबद्दल टप्पा १० मध्ये.)

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा वगळून पुढे गेलात तर परत मागे यावं लागतं, आणि त्या परतीचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात.

टप्पा १: कोणता काँगो, त्यातलं कोणतं शहर

काँगो नावाचे देश दोन आहेत आणि त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. आपण बोलतोय तो किन्शासावाला: लोकशाही प्रजासत्ताक, फोनचा कोड २४३, देशाचा संक्षेप सीडी. पलीकडच्या ब्राझाव्हिलवाल्या काँगोचा फोन कोड २४२, संक्षेप सीजी, चलन वेगळं, व्हिसा वेगळा. बँकेच्या फॉर्मवर, कुरियरच्या पावतीवर आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने माल घेतल्याचा कागद) नुसतं 'काँगो' लिहिलं की गोंधळाला आमंत्रण. पूर्ण नाव लिहा, फ्रेंच कागदांवर 'आरडीसी' हा संक्षेप लिहा.

दुसरा प्रश्न शहराचा. किन्शासा पश्चिमेला, लुबुंबाशी आग्नेयेला. दोन्हींमध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने ते जवळजवळ दोन वेगळे देश आहेत. किन्शासाचा माल अटलांटिककडून माटाडी किंवा बोमा बंदरातून येतो. लुबुंबाशी आणि कोल्वेझी म्हणजे तांबं-कोबाल्टच्या खाणींचा पट्टा. तिथला माल दार-ए-सलाम, डर्बन, बैरा, वॉल्व्हिस बे अशा परक्या बंदरांत उतरून ट्रकने झांबियामार्गे कासुंबलेसाच्या सीमेवर येतो. औषधं, कापड, किराणा, दुचाकी, घरगुती वस्तू विकायच्या असतील तर पहिला विचार किन्शासाचा. पंप, व्हॉल्व्ह, ओतीव सुटे भाग, खाणीची यंत्रसामग्री असेल तर लुबुंबाशीचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने किन्शासात आठवडा काढून 'मार्केट पाहिलं' म्हणण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक तिथे बसतच नाही.

घड्याळही वेगळं आहे. किन्शासा भारताच्या साडेचार तास मागे, लुबुंबाशी साडेतीन तास.

> तपासा: ग्राहकाचा पत्ता, फोन कोड आणि माल उतरवायचं ठिकाण हे तिन्ही एकाच काँगोतलं आणि एकाच बाजूचं आहे ना?

टप्पा २: ग्राहक खरा आहे का

हे काम व्हिसाच्या आधी यासाठी की व्हिसाला लागणारं निमंत्रण हाच माणूस देणार आहे. तो कच्चा निघाला तर पुढचं सगळं कच्चं.

नोंदणीकृत काँगोली कंपनीकडे तीन क्रमांक असतात: व्यापार नोंदणीचा आरसीसीएम, राष्ट्रीय ओळखीचा 'इद. नात.' आणि कर खात्याचा एनआयएफ. तिन्ही मागा, प्रमाणपत्रांच्या प्रतींसकट. खऱ्या व्यापाऱ्याच्या लेटरहेडवर ते तळाशी छापलेलेच असतात, त्यामुळे मागितल्याचा राग त्याला येत नाही. ज्याला येतो त्याच्याशी पुढे बोलायची घाई करू नका. मग त्याच्या बँकेचं नाव विचारा आणि तुमच्या बँकेमार्फत अभिप्राय मागवा. किन्शासातल्या भारतीय दूतावासाला कंपनीचं नाव आणि क्रमांक कळवून विचारणा करता येते. उत्तराला वेळ लागेल, तो हाताशी ठेवा.

आयातदार आणि पैसे देणारा वेगवेगळे असणं या बाजारात सर्रास चालतं. माल किन्शासाला, पैसे दुबईतल्या कंपनीकडून. त्यात लगेच काळंबेरं समजू नका, पण ऑर्डर घेण्याआधीच तुमच्या बँकेला सांगा. तिसऱ्या पक्षाकडून आलेल्या रकमेला रिझर्व्ह बँकेच्या अटी आहेत आणि पैसे खात्यात आल्यावर खुलासा करत बसणं फार महागात पडतं.

> सावधान: सोनं, कच्चे हिरे किंवा कोबाल्ट 'बाजारभावापेक्षा स्वस्त' देतो म्हणणारा कोणीही असो, भारतीय असो की काँगोली, थांबा. नमुना खरा निघतो, मग निर्यात कर, मग साठवणूक शुल्क, मग विमा असे हप्ते मागितले जातात आणि माल कधीच निघत नाही. हिऱ्यांना किंबर्ली प्रमाणपत्र (हिरे बंडखोरांच्या हातचे नाहीत याचा सरकारी दाखला) लागतं, आणि मौल्यवान खनिजांचं मूल्यांकन सरकारी यंत्रणेकडूनच व्हावं लागतं. खिशात घालून आणायची ही वस्तू नव्हे.

टप्पा ३: कुठे जायचं नाही, कधी जायचं नाही

उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी हे पूर्वेकडचे प्रांत व्यापारी फेरीतून काढून टाका. जानेवारी २०२५ मध्ये गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. त्याच जानेवारीत किन्शासातही निदर्शकांनी काही परदेशी दूतावासांवर हल्ले केले. म्हणजे लढाई हजार मैलांवर असली तरी राजधानीत तिचे पडसाद उमटतात. निघण्याच्या आठवड्यात भारतीय दूतावासाची सूचना पुन्हा वाचा. महिन्यापूर्वी वाचलेली चालत नाही.

किन्शासात जून ते सप्टेंबर कोरडा हंगाम. बाकीच्या महिन्यांत पाऊस, आणि पाऊस म्हणजे तुंबलेले रस्ते. एप्रिल २०२५ च्या पुरात विमानतळाकडे जाणारा मुख्य रस्ताच पाण्याखाली गेला होता. लुबुंबाशी उंचावर आहे. जून-जुलैत तिथे रात्री स्वेटर लागतो. आफ्रिका म्हणून नुसते अर्ध्या बाह्यांचे शर्ट नेणारे कुडकुडतात.

जानेवारीत ४, १६ आणि १७ या सुट्ट्या येतात, ३० जूनला स्वातंत्र्यदिन. या दिवसांच्या आसपास सरकारी कार्यालयांची कामं धरू नका.

टप्पा ४: लस आणि मलेरिया

पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर प्रवेश नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवरच टोचतात. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत, बाकी यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. नोंदणी आधी करावी लागते आणि केंद्राचे वार ठरलेले असतात. उद्या जाऊन टोचून येऊ, असं होत नाही.

प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुनं असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही. त्यावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही सोबत ठेवा. साठी ओलांडलेल्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

प्रमाणपत्राचं हे पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परत येतानाही ते लागतं. काँगोहून आलेल्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतीय विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवतात.

मलेरियाबद्दल आपल्याकडचा आत्मविश्वास मोडून काढावा लागतो. 'आपल्याकडेही होतो, काय त्यात' हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी असतं. तिथला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा, वेळेत उपचार न मिळाल्यास जिवावर बेतणारा. तो वर्षभर असतो आणि क्लोरोक्वीनला दाद देत नाही. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पण निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात; ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस; मेफ्लोक्विन मात्र किमान दोन आठवडे आधी सुरू करावं लागतं. सगळ्यात जास्त चुकतो तो शेवटचा भाग. घरी पोहोचलं की पाकीट कपाटात जातं.

> तपासा: लस आणि प्रवास यांत दहा दिवसांचं अंतर. गोळ्या परतीनंतरच्या दिवसांसकट मोजून घेतलेल्या.

टप्पा ५: व्हिसा

ग्राहकाने नुसतं 'या, स्वागत आहे' असं पत्र पाठवून भागत नाही. तुमच्या राहण्या-खाण्याची आणि परतीची जबाबदारी घेणारं, तिथल्या अधिकाऱ्यांकडून साक्षांकित केलेलं हमीपत्र लागतं. त्याला 'प्रीझ आँ शार्ज' म्हणतात. ते मिळवण्यात यजमानाचे दिवस जातात, म्हणून सगळ्यात आधी हेच मागा आणि नेमका हाच शब्द वापरून मागा. सध्याची कागदांची यादी आणि शुल्क नवी दिल्लीतल्या काँगोच्या दूतावासाकडून लेखी घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको.

अर्ज जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच करा. दुबईत किंवा नैरोबीत राहणाऱ्या मराठी माणसाने तिथून करावा. पुण्यात राहणाऱ्याने 'जाता जाता तिकडून काढू' म्हणू नये. राहत्या देशाबाहेरून घेतलेला व्हिसा किन्शासाच्या विमानतळावर नाकारला जाऊ शकतो. 'व्हिसा व्होलां' नावाचा, आगमनाच्या वेळी शिक्का मिळणारा प्रकारही आहे. त्याची पूर्वपरवानगी तिथल्या स्थलांतर खात्याकडून, म्हणजे डीजीएमकडून घ्यावी लागते. आपल्या देशात त्यांचा दूतावास असताना त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

अर्जात कामाचं स्वरूप खरं लिहा. बैठकांसाठी म्हणून काढलेल्या व्हिसावर तंत्रज्ञाला यंत्र बसवायला पाठवणं ही ठरलेली चूक आहे. तो कारखान्यात पाना घेऊन उभा असताना डीजीएमचा माणूस आला तर अडचण तंत्रज्ञाची आणि दंड ग्राहकाचा.

आता तिकीट काढा. मुंबईहून आदिस अबाबामार्गे किन्शासा आणि लुबुंबाशी दोन्हीकडे जाता येतं. लुबुंबाशीचं काम असेल तर थेट तिथेच उतरा. किन्शासाला उतरून देशांतर्गत विमान पकडायचा बेत शक्यतो नको. काँगोत नोंदलेल्या सगळ्या विमान कंपन्या युरोपीय संघाच्या बंदी यादीत आहेत, यावरून काय ते समजा. विमानतळ विकासासाठी 'गो-पास' नावाचं शुल्क आहे, आंतरराष्ट्रीय प्रवासाला ५० डॉलर. ते तिकिटात धरलंय की वेगळं भरायचं, हे विमान कंपनीला विचारा आणि तेवढी रक्कम परतीपर्यंत बाजूला ठेवा.

टप्पा ६: डॉलर कसे न्यायचे

काँगोत फ्रँक आणि अमेरिकन डॉलर दोन्ही चालतात. हॉटेल, भाडं, मोठी खरेदी डॉलरमध्ये. भाजी, टॅक्सी, पाणी फ्रँकमध्ये. भारतातून एका प्रवासाला रोख ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात; बाकीचं कार्डावर.

नोटांचा सोस इथे विलक्षण आहे. कोपऱ्यात जराशी फाटलेली, पेनाची रेघ असलेली, शिक्का मारलेली किंवा जुन्या मालिकेतली नोट परत करतात. फ्रँकची नोट मात्र कितीही मळलेली असली तरी निमूट घ्यावी लागते! मनी चेंजरकडे प्रत्येक नोट उलटीपालटी करून पाहा आणि खराब नोटा तिथल्या तिथे बदला. एक डॉलरच्या नोटा सहसा घेत नाहीत. ५, १०, २० च्या भरपूर घ्या. सुटे फ्रँकमध्ये परत मिळतात.

कार्ड मोठ्या हॉटेलांत आणि सुपरमार्केटांत चालतं, मोठ्या बँकांची एटीएम डॉलर देतात. यातली रॉबँक ही भारतीय वंशाच्या रावजी कुटुंबाने सुरू केलेली. एका कार्डावर विसंबू नका आणि निघण्याआधी बँकेला सांगून आंतरराष्ट्रीय वापर चालू करून घ्या. स्थानिक लोक मोबाइल वॉलेटवर व्यवहार करतात. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की तेही उघडता येतं.

टप्पा ७: विमानतळ ते हॉटेल

न्जिली विमानतळ शहराच्या गोंबे भागापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. वाहतुकीची कोंडी असेल तर तासन्‌तास जातात. यजमानाला सांगून गाडी आणि 'प्रोटोकॉल' दोन्ही ठरवा. प्रोटोकॉल म्हणजे विमानतळावर कागद आणि सामानाची वाट मोकळी करून देणारा माणूस. तिथे हा रीतसर धंदा आहे. त्याचं नाव आणि फोटो आधी मागवून घ्या, कारण बाहेर पडल्यावर पाच जण "मीच तो" म्हणत पुढे येतात.

पासपोर्ट, लशीचं पुस्तक, हमीपत्राची प्रत, हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट हे कागद छापलेले ठेवा. फोनची बॅटरी नेमकी रांगेत उभं असताना संपते. कोणी 'शुल्क' मागितलं तर पावती मागा. आवाज चढवू नका, पाकीट बाहेर काढू नका, यजमानाला फोन लावून द्या.

> सावधान: रस्त्यावरची सामायिक टॅक्सी परदेशी माणसासाठी नाही. पोलीस असल्याचं सांगून गाडीत बसवून लुटण्याचे प्रकार होतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा, मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. गणवेश नसलेल्याने कागद मागितले तर गर्दीच्या जागी किंवा चौकीत चला म्हणा.

टप्पा ८: शहरात वागायचं कसं

फोटो काढू नका. विमानतळ, पूल, सरकारी इमारती, पोलीस, सैनिक आणि काँगो नदीचा काठ, सगळं वर्ज्य. नदीपलीकडे दुसरा देश आहे, म्हणून नदी म्हणजे सीमा. हॉटेलच्या गच्चीवरून सूर्यास्त टिपताना अडवल्यावर "मी पर्यटक" हे उत्तर उपयोगी पडत नाही.

सकाळ-संध्याकाळ राष्ट्रध्वज चढवताना-उतरवताना आसपासची माणसं आणि गाड्या थांबतात. तुम्हीही थांबा. राष्ट्राध्यक्षांचा ताफा जात असेल तरी तेच, आणि फोन खिशात.

व्यवहाराची भाषा फ्रेंच. इंग्रजीवर भिस्त ठेवून बैठकीला जाऊ नका. दुभाषा तुमचा स्वतःचा आणा, ग्राहकाचा पुतण्या नको. किन्शासात 'लिंगाला' ही भाषा बोलतात, 'म्बोते' म्हणजे नमस्कार. लुबुंबाशीत स्वाहिली, तिथे 'जांबो'. कामाचा विषय काढण्याआधी प्रकृती, घरची माणसं, प्रवास विचारायची रीत आहे. आपल्याला तसंही हे शिकवावं लागत नाही, पण परदेशात गेलो की उगाच घाईत वागतो.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. पोंडू हा कसाव्याच्या पाल्याचा पदार्थ पालेभाजीसारखा दिसतो, पण त्यात पुष्कळदा मासा असतो. विचारून घ्या. वीज जाते, पॉवर बँक आणि सगळ्या प्रकारच्या पिनांचा अडॅप्टर न्या.

टप्पा ९: भाव सांगताना

सर्वात मोठी चूक: लुबुंबाशीच्या ग्राहकाला 'सीआयएफ माटाडी' भाव देणं, म्हणजे विमा आणि माटाडी बंदरापर्यंतचं भाडं धरलेला भाव. माटाडीहून लुबुंबाशीला माल नेणं हा देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास आहे, कोणी तो करत नाही. त्याला त्याच्या नेहमीच्या बंदरापर्यंतचा किंवा कासुंबलेसापर्यंतचा भाव हवा असतो. बंदर त्यालाच विचारा.

दुसरी चूक आकड्यांची. फ्रेंच पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब किंवा मोकळी जागा वापरतात. १.५०० म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. कोटेशनमध्ये रक्कम अक्षरी लिहा, फ्रेंचमध्ये.

ग्राहक भाव कमी करा म्हणतो तेव्हा त्याच्या दारात माल कितीला पडतो, हे तुम्हाला ठाऊक हवं. आयात शुल्काचे मुख्य दर ५, १० आणि २० टक्के, सीआयएफ मूल्यावर. त्यावर १६ टक्के मूल्यवर्धित कर, तोही शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर. म्हणजे १०,००० डॉलरच्या मालावर १० टक्के शुल्क १,०००, मग ११,००० वर १६ टक्के म्हणजे १,७६०. झाले २,७६०. शिवाय निरीक्षण, मालवाहतूक खातं, उद्योग निधी आणि बंदराच्या वसुल्या. म्हणून तुमची दोन टक्के सूट त्याला फारशी जाणवत नाही, पण कागदाच्या चुकीमुळे बंदरात पडून राहिलेला एक आठवडा चांगलाच जाणवतो.

पैशाबद्दल: पहिल्या ऑर्डरला उधारी नको. ठरावीक आगाऊ रक्कम आणि बाकी कागदांच्या बदल्यात, किंवा दुसऱ्या देशातल्या मान्यवर बँकेने पक्की केलेली एलसी, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं संरक्षण घ्यायचं असेल तर माल सुटण्याआधी मर्यादा मंजूर करून घ्या.

तिथे दुकान किंवा कंपनी काढण्याचा विचार असेल तर दोन कायदे आधी वकिलाकडून समजून घ्या. किरकोळ छोटा व्यापार काँगोली नागरिकांसाठी राखीव आहे. आणि २०१७ च्या कायद्याने खाणीसारख्या उद्योगांमधली उपकंत्राटं बहुसंख्य भांडवल काँगोली असलेल्या कंपन्यांसाठी ठेवली आहेत. 'नावापुरता भागीदार' ठेवून दोन्ही टाळता येतील असं सांगणारे भेटतील. वाद झाला की कागदावर ज्याचं नाव, कंपनी त्याची.

टप्पा १०: माल पाठवण्याचा क्रम

इथे सावकाश वाचा. चुका इथेच होतात.

१. अंतिम प्रोफॉर्मा, म्हणजे माल पाठवण्याआधीचा आगाऊ इनव्हॉइस. मालाचं फ्रेंच वर्णन, एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या वर्गाचा क्रमांक), नग, वजन, उगमदेश आणि एफओबी (जहाजावर चढेपर्यंतची किंमत), भाडं, विमा हे तिन्ही आकडे वेगवेगळे. 'अंदाजे' काही नको. पुढचे सगळे कागद यावरून बनतात.

२. आयात घोषणा. आयातदार हा प्रोफॉर्मा त्याच्या बँकेत नेऊन आयातीची घोषणा मंजूर करून घेतो. बोलीभाषेत तिला 'लायसन्स आयबी' म्हणतात. त्याची प्रत तुमच्या हातात येईपर्यंत कंटेनर भरू नका. ग्राहक म्हणेल, "तुम्ही भरा, मी उद्या देतो." भरू नका.

३. माल सुटण्याआधीची तपासणी. काँगोचं नियंत्रण खातं ओसीसी; त्याच्या वतीने परदेशात बिव्हाक, म्हणजे ब्यूरो व्हेरितास, तपासणी करतं. घोषणा तिकडे नोंदली गेली की भारतातलं त्यांचं कार्यालय तुमच्याशी संपर्क साधतं. तपासणीला माल तयार, मोजता येईल असा आणि कंटेनरबाहेर असावा. कंटेनर सील करून ठेवला तर तो पुन्हा उघडायचा खर्च तुमचा.

४. फेरी. ओजेफ्रेम या मालवाहतूक खात्याचं हे इलेक्ट्रॉनिक माहितीपत्र. फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा) किंवा खात्याचा अधिकृत एजंट ते काढतो. त्याला कच्चं बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, भाड्याचं बिल आणि शिपिंग बिल (भारतीय कस्टम्सचा निर्यातीचा कागद) लागतं. दुसऱ्या देशाच्या बंदरातून जाणाऱ्या मालासाठी कोणता दाखला लागतो, हे त्याच एजंटला विचारा.

५. बिल ऑफ लेडिंग. त्यावर फेरीचा क्रमांक छापून यावा लागतो, म्हणून अंतिम बिल ऑफ लेडिंग (बीएल) त्यानंतर. आयातदाराचं नाव नोंदणीप्रमाणे अक्षर न् अक्षर, एनआयएफ सोबत. मसुदा ग्राहकाला पाठवून त्याची लेखी संमती घ्या.

६. पडताळणीचा दाखला. अंतिम इनव्हॉइस आणि बीएल बिव्हाकला दिल्यावर तो निघतो. इनव्हॉइस आणि प्रोफॉर्मा यांत फरक असेल तर इथे अडतं.

> सावधान: शुल्क वाचवायला कमी रकमेचा इनव्हॉइस मागण्याची पद्धत आहे. तो देऊ नका. तपासणी संस्था मूल्य स्वतः ताडून पाहते, तुमचं शिपिंग बिल आणि बँकेत येणारी रक्कम जुळत नाही, आणि माल हरवला तर विमा कमी रकमेवरच मिळतो.

औषधांचं प्रकरण स्वतंत्र. प्रत्येक उत्पादनाची नोंदणी तिथल्या औषध नियामकाकडे, म्हणजे अकोरेपकडे, आधी झालेली असावी लागते. ती कोणाच्या नावावर आहे, हे नीट पाहा. वितरकाच्या नावावर असेल तर उद्या वितरक बदलताना हात बांधलेले राहतात. वेष्टनावर आणि आतल्या पत्रकावर फ्रेंच मजकूर लागतो. भारतात उरलेल्या मालावर स्टिकर लावून पाठवू, हा विचार सोडा.

माटाडीत मोठी जहाजं थेट जात नाहीत. कंटेनर बरेचदा वाटेतल्या बंदरात लहान जहाजावर चढवला जातो, तिथेही दिवस जातात. पुढे माटाडी ते किन्शासा सुमारे साडेतीनशे किलोमीटर ट्रकने. कंटेनर किती दिवस मोफत ठेवता येतो, ते शिपिंग लाइनशी बीएल निघण्याआधी बोला आणि जास्त दिवस मागा. नंतर कोणी देत नाही.

> तपासा: प्रोफॉर्मा, आयबी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, फेरी. सहाही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव, नग, वजन, रक्कम एका माणसाने वाचायची आणि दुसऱ्याने टिक करायची.

टप्पा ११: परतल्यावर

मलेरियाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपर्यंत. पुढच्या काही आठवड्यांत, अगदी महिन्यांनीही, ताप आला तर फॅमिली डॉक्टरांना सुरुवातीलाच काँगोचा प्रवास सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या. 'व्हायरल असेल, दोन दिवस पाहू' हे या तापाला लागू होत नाही. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर पुन्हा करायला सांगा.

बैठकीत तोंडी ठरलेलं सगळं आठवडाभरात फ्रेंचमध्ये लिहून पाठवा: दर, मुदत, बंदर, पैसे कोण आणि कुठून देणार. उत्तर आलं नाही तर फोन करा. मेलला उत्तर न देणारा ग्राहक नाराजच असेल असं नाही. तिथे निम्मा धंदा व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर चालतो. त्याने बोलून होकार दिला तर तेच शब्द लिहून त्याला परत पाठवा आणि 'ओके' आल्याशिवाय प्रोफॉर्मा काढू नका.